काम धरले की स्कॉलरशिप जाते का? इंटर्नशिप, पार्ट-टाइम नोकरी आणि आपली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती

वसई-विरार पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये एक समज पक्का बसला आहे. मुलाने किंवा मुलीने कॉलेज करता करता कुठे काम धरले की सरकारी शिष्यवृत्ती बंद होते, असे सगळे धरून चालतात. त्यामुळे कोणी मिळालेली इंटर्नशिप सोडतो, कोणी काम करतो पण लपवतो, तर कोणी शिष्यवृत्तीचा अर्जच भरत नाही. तिन्ही प्रकारांत नुकसान आपलेच होते. म्हणून नियम काय म्हणतो, कुठे खरा धोका आहे आणि कुठे नुसती भीती आहे, हे नीट मांडण्याचा आम्ही प्रयत्न करतो आहोत.

हा प्रश्न आता का तापला, तेही पाहू. पूर्वी बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या मुलाने काम केले तर ते घरच्या अडचणीपोटी. वालीव, सातिवली, गोखिवरेच्या गाळ्यांमध्ये पॅकिंग, नाहीतर मॉलमध्ये काउंटर, नाहीतर संध्याकाळी क्लासेसमध्ये शिकवणे. आता नव्या शैक्षणिक धोरणाने कामाचा अनुभव अभ्यासक्रमातच आणला आहे. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचे ऑन-जॉब ट्रेनिंग आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंटला तर इंटर्नशिप आधीपासूनच होती. म्हणजे एकीकडे कॉलेज सांगते, काम केल्याशिवाय क्रेडिट नाही. दुसरीकडे घरी भीती, काम केले तर शिष्यवृत्ती नाही. मधल्यामध्ये मुलगा अडकतो.

उत्पन्न कोणाचे मोजायचे?

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना आपल्याकडे महाडीबीटी पोर्टलवरून, सामाजिक न्याय विभागामार्फत मिळते. आई-वडिलांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख ५० हजार रुपये आहे. वाद सुरू होतो तो या उत्पन्नात कोणाकोणाची कमाई धरायची इथून.

केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमावलीत याचे उत्तर स्पष्ट आहे. आई किंवा वडील, दोघांपैकी एक जण जरी हयात असेल, तर फक्त आई-वडिलांचेच सर्व मार्गांनी मिळणारे उत्पन्न धरायचे. घरातले इतर कोणी कमावत असले तरी त्यांचे धरायचे नाही. मोठा भाऊ कंपनीत आहे, बहीण नर्स आहे, काका एकत्र राहतात, यांचा पगार या हिशेबात येत नाही. लग्न झालेल्या आणि नोकरी नसलेल्या मुलीच्या बाबतीत नवऱ्याचे उत्पन्न धरतात. आई-वडील दोघेही नसतील तरच सांभाळ करणाऱ्या पालकाचे.

ही ओळ फार महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच आपल्या लोकांना माहीत नसते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालयातून मिळतो, तलाठ्याच्या अहवालावर. सेतूत किंवा सायबर कॅफेत फॉर्म भरणारा माणूस विचारतो, घरात कमावते किती? आपण भाबडेपणाने सगळी नावे सांगतो, आणि तो सगळ्यांचे मिळून कुटुंबाचे उत्पन्न टाकून मोकळा होतो. दाखल्यावर तीन-साडेतीन लाख छापून येतात आणि पोर्टल अर्ज नाकारते. मग खापर फुटते मुलाच्या इंटर्नशिपवर. फॉर्म भरणाऱ्याच्या शेजारी बसा, स्वयंघोषणापत्रात काय लिहिले जाते ते वाचा, आणि दाखला शिष्यवृत्तीसाठी हवा आहे, आई-वडिलांचे उत्पन्न लिहा, असे स्पष्ट सांगा. लपवाछपवी करायला आम्ही सांगत नाही. नियम जेवढे मागतो तेवढेच द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जाता जाता आणखी एक. कमावत्या आई किंवा वडिलांचा मृत्यू झाला आणि त्यामुळे घराचे उत्पन्न मर्यादेच्या आत आले, तर त्या महिन्यापासून विद्यार्थी पात्र ठरतो, आणि अर्जाची तारीख उलटून गेली असली तरी सहानुभूतीने विचार करता येतो, असेही त्याच नियमावलीत आहे. कोरोनाच्या काळात किती घरांना याचा उपयोग झाला असता, पण सांगणारे कोणी नव्हते.

मग विद्यार्थी स्वतः कमावत असेल तर?

इथे नियमाचे दुसरे कलम येते, आणि ते थोडे अवघड आहे. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वतःचे उत्पन्न आणि आई-वडिलांचे उत्पन्न मिळून मर्यादेच्या आत असेल, तर त्याला शिष्यवृत्तीतून सक्तीच्या, परत न मिळणाऱ्या फीची भरपाई मिळते. निर्वाहभत्ता मात्र मिळत नाही. सरकारचा विचार असा, की जो कमावतो त्याला निर्वाहासाठी वेगळे पैसे कशाला.

आता खरा प्रश्न. नोकरी म्हणजे काय? दोन महिन्यांची इंटर्नशिप ही नोकरी का? शनिवार-रविवार कॅटरिंगला जाणे ही नोकरी का? रात्री तीन तास जेवणाचे पार्सल पोहोचवणे ही नोकरी का? किती तासांच्या पुढे काम म्हणजे नोकरी, हे त्या कलमात लिहिलेले नाही. त्यामुळे निर्णय कॉलेजच्या क्लार्कच्या आणि समाजकल्याण कार्यालयाच्या समजुतीवर जातो. नियमात मोकळी जागा राहिली की ती गरिबाच्या विरोधात भरली जाते, हा आपला जुना अनुभव आहे.

आमच्या मते नोकरी म्हणजे नेमणूकपत्र, महिन्याचा पगार आणि पीएफ असलेला संबंध. पीएफ कापला गेला आणि तुमच्या आधारवर यूएएन क्रमांक निघाला की कागदोपत्री तुम्ही कर्मचारी झालात. त्यानंतर मी फक्त शिकाऊ होतो हे पटवणे कठीण. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खाली नोंदलेल्या शिकाऊ उमेदवाराला पीएफ कायदा कर्मचारी मानत नाही, हा फरक लक्षात ठेवा. म्हणून काम स्वीकारताना विचारा, मला कशात घेता? कर्मचारी, शिकाऊ उमेदवार की कॉलेजचा इंटर्न? बरेच जण फक्त पैसे किती एवढेच विचारतात. ते विचाराच, पण त्याच्याबरोबर हेही विचारा.

इंटर्नशिपचा स्टायपेंड

इंटर्नशिपबद्दल केंद्राच्या नियमावलीत वेगळे कलम आहे. एम.बी.बी.एस.च्या इंटर्नशिपच्या काळात, किंवा इतर अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाच्या काळात विद्यार्थ्याला काही मोबदला, भत्ता किंवा विद्यावेतन मिळत असेल, तर त्या कालावधीची शिष्यवृत्ती देय नाही.

या वाक्यात दोन गोष्टी दडल्या आहेत. पहिली, इंटर्नशिप बिनपगारी असेल तर शिष्यवृत्तीवर काहीच परिणाम नाही. बी.एड.चे विद्यार्थी शाळेत महिनोन्महिने फुकट शिकवतात, त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. दुसरी, बंदी आहे ती "त्या कालावधीची" आहे. दोन महिने स्टायपेंड मिळाला म्हणून वर्षाची सगळी शिष्यवृत्ती रद्द, असे नियम म्हणत नाही. कॉलेजने तसे सांगितले तर लेखी मागा.

पूर्वी निर्वाहभत्ता महिन्याच्या हिशेबाने होता, तेव्हा दोन महिन्यांचे वजा करणे सोपे होते. २०२१ पासून केंद्राने तो वर्षाला एकरकमी केला आहे. अभ्यासक्रमाचे चार गट आहेत. घरून ये-जा करणाऱ्याला पहिल्या गटात, म्हणजे इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना, वर्षाला ७,००० रुपये, दुसऱ्या गटात ६,५००, तिसऱ्या गटात म्हणजे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला ३,००० आणि चौथ्या गटात म्हणजे अकरावी-बारावी, आयटीआयला २,५००. वसतिगृहात राहणाऱ्याला अनुक्रमे १३,५००, ९,५००, ६,००० आणि ४,०००. रक्कम एकरकमी असली तरी कपात करायचीच असेल तर ती महिन्यांच्या प्रमाणातच व्हायला हवी. तिसऱ्या गटातल्या मुलाचे दोन महिन्यांचे होतात पाचशे रुपये. एवढ्यासाठी आपली पोरे चांगली इंटर्नशिप सोडतात.

आणखी एक गोंधळ शब्दाचा आहे. नियमात असेही आहे, की ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याने दुसरी शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन घेऊ नये, दोन्ही मिळत असतील तर फायद्याचे एक निवडावे. कंपनी इंटर्नला देते त्यालाही आपण विद्यावेतनच म्हणतो, म्हणून काही कॉलेजे हे कलम इंटर्नशिपला लावतात. आमच्या वाचनाप्रमाणे ते कलम शिक्षणासाठी मिळणाऱ्या दुसऱ्या शिष्यवृत्तीबद्दल आहे. कामाच्या मोबदल्यासाठी वर सांगितलेले वेगळे कलम आहेच. पुस्तके, साहित्य, राहणे-जेवणे यासाठी कोणी एकवेळची मदत केली तर ती या शिष्यवृत्तीबरोबर घेता येते, हेही तिथेच लिहिले आहे. विहारातून किंवा मंडळाकडून पुस्तकांसाठी मिळालेल्या मदतीने शिष्यवृत्ती जात नाही.

एक हिशेब

नालासोपाऱ्यातले एक घर डोळ्यासमोर आणू. वडील सिक्युरिटीला, महिना १५,००० रुपये. आई दोन घरी स्वयंपाक करते, महिना ५,०००. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. मुलगी बी.कॉम. तिसऱ्या वर्षाला. अंधेरीच्या एका कंपनीत तिला सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळते, महिना ८,०००. तिची कमाई ४८,०००.

फक्त आई-वडिलांचे धरले तर २ लाख ४० हजार, ती मर्यादेच्या आत. इंटर्नशिपच्या कलमाखाली फार तर सहा महिन्यांचा निर्वाहभत्ता जाईल, दीड हजार रुपये. आता समजा कार्यालयाने तिला नोकरी करणारी ठरवले आणि तिचे ४८,००० मिळवले. बेरीज २ लाख ८८ हजार, मर्यादा ओलांडली. मग सगळे गेले का? नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी फ्रीशिप आहे. आई-वडिलांचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क या योजनेतून मिळते, आणि त्याला वरची उत्पन्न मर्यादा नाही. म्हणजे वाईटात वाईट काय होईल, तर निर्वाहभत्त्याचे तीन हजार आणि शिक्षण-परीक्षा सोडून इतर किरकोळ शुल्के हातची जातील. समोर ४८,००० रुपये आणि अनुभवाचे पत्र आहे.

इंजिनिअरिंगला इतर शुल्के जास्त असतात, तिथे हा हिशेब कागदावर मांडूनच ठरवा. अर्ज करताना शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप या पोर्टलवर दोन वेगळ्या योजना आहेत. एकीत नाकारले गेले म्हणून घरी बसू नका, दुसरीत भरा. अर्जाची मुदत उलटायच्या आत हे करावे लागते, म्हणून शेवटच्या आठवड्यात अर्ज भरण्याची आपली सवय इथे महागात पडते.

स्वाधार घेणाऱ्यांनी मात्र सावध राहा

आतापर्यंत आम्ही धीर दिला, आता इशारा. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या, बाहेरगावी राहून शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी थेट रक्कम मिळते. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. उत्पन्नाची मर्यादा इथेही अडीच लाखच.

या योजनेत नोकरी किंवा व्यवसाय करत असताना लाभ घेतल्याचे आढळले, तर दिलेली रक्कम १२ टक्के व्याजासह वसूल होते. विद्यार्थी तशा अर्थाचे हमीपत्र लिहून देतो. इथे पाचशे-हजाराचा प्रश्न नाही. साठ हजार आणि वर व्याज, हा आकडा खोली करून राहणाऱ्या मुलाचे शिक्षण थांबवू शकतो. विदर्भ-मराठवाड्यातून किंवा जव्हार-मोखाड्याकडून येऊन इथे राहणारी अनेक मुले स्वाधारचा हप्ता उशिरा येतो म्हणून रात्रपाळी धरतात. पैसे वेळेवर न देणारे सरकार आणि उपाशी राहू नये म्हणून काम करणारा मुलगा, यात दोषी मुलगा ठरतो. हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध बोलले पाहिजे. पण तोवर सही केलेले हमीपत्र तुमच्या विरोधात वापरले जाऊ शकते, हेही तितकेच खरे. स्वाधार चालू असताना पगारी नोकरी धरू नका. अभ्यासक्रमाचा भाग असलेली इंटर्नशिप करायची असेल तर कॉलेजचे पत्र घेऊन समाजकल्याण कार्यालयाला आधीच लेखी कळवा आणि पोच ठेवा.

विरारहून रोज चर्चगेटला लोकलने जाऊन शिकणाऱ्या मुलाला स्वाधार मिळत नाही, कारण तो घरी राहतो. त्याचे दिवसाचे चार तास गाडीत जातात आणि भत्ता ये-जा करणाऱ्याचा, वर्षाला तीन हजार. त्याने काम का करू नये, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे.

पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती घेणाऱ्यांनाही पूर्णवेळ संशोधनाची अट आहे. तिथे रक्कम मोठी, म्हणून तपासणीही कडक.

सरकारच्या प्रशिक्षण योजना वेगळ्या

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय-पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना. आपल्या बऱ्याच मुलांनी कॉलेज चालू असतानाच नाव नोंदवले. शिक्षण चालू असलेल्या उमेदवाराला या योजनेत भाग घेता येत नाही. एकाच आधारवर इकडे शिष्यवृत्ती आणि तिकडे हे विद्यावेतन, असे दिसले तर दोन्हीकडे अडचण. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही पूर्णवेळ शिकणाऱ्यासाठी नव्हती. ती सुरू झाली तेव्हा २१ ते २४ वयाची अट होती, महिना ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० अशी रक्कम होती. मुक्त विद्यापीठातून किंवा ऑनलाइन शिकणाऱ्याला मात्र ती खुली होती. या योजना पदवी झाल्यावर, पुढचा प्रवेश घेण्याआधीच्या मधल्या काळात घ्यायच्या.

पैशांपेक्षा हजेरी

इतके सगळे सांगितल्यावर आमचे स्पष्ट मत असे आहे, की काम करणाऱ्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती जाण्याचे मोठे कारण उत्पन्न नाहीच, हजेरी आहे. शिष्यवृत्तीला ७५ टक्के उपस्थिती लागते. स्वाधारलाही लागते. रात्री अकराला काम सुटले, नालासोपाऱ्याला घरी पोचायला एक वाजला, तर सकाळी सातच्या लेक्चरला कोण जाणार? महिनाभरात हजेरी चाळीस टक्क्यांवर येते. मग एटीकेटी, मग वर्ष वाया. पहिल्या गटातल्या अभ्यासक्रमात पहिल्यांदा नापास झाल्यास शिष्यवृत्ती पुढे चालू राहू शकते. दुसऱ्यांदा झाल्यास वरच्या वर्गात जाईपर्यंत खर्च स्वतःचा.

म्हणून काम निवडताना पगारापेक्षा वेळ पाहा. तीन हजार कमी मिळाले तरी घराजवळचे, ठरावीक तासांचे काम बरे. ऑन-जॉब ट्रेनिंगचे दिवस उपस्थितीत धरले जातील, असे कॉलेजकडून लिहून घ्या. ते अभ्यासक्रमाचे तास आहेत, गैरहजेरी नव्हे.

बाबासाहेबांनी ही अडचण ओळखली होती. १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा वर्ग सकाळच्या वेळात ठेवले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावे. १९४७ मध्ये सिद्धार्थ नाइट हायस्कूल निघाले. ते स्वतः बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यावर १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतले, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा गेले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवातही १९४४ ची, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असतानाची. कमावून शिकणारा आणि सरकारी मदतीने शिकणारा, हे त्यांच्या लेखी दोन वेगळे विद्यार्थी नव्हते. आजच्या नियमांनी ते वेगळे केले आहेत.

कोणी सांगत नाही असा एक घोळ

कंपनीत रुजू होताना नवे बँक खाते उघडतात. फॉर्मवर आधार जोडण्याच्या संमतीची एक चौकट असते, आपण न वाचता टिक करतो. शिष्यवृत्तीचे पैसे आधारच्या आधारे येतात, म्हणजे सगळ्यात शेवटी ज्या खात्याला आधार जोडले त्या खात्यात. मुलगा जुन्या खात्यात पैसे शोधत बसतो आणि रक्कम त्या पगाराच्या खात्यात पडून असते. काम सोडल्यावर ते खाते बंद झाले तर रक्कम परत जाते, आणि मग पुढचे महिने चकरा. नोकरी धरली की आपले आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे ते तपासा.

यालाच जोडून दुसरी गोष्ट. आता केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यात कॉलेजची फीही असते. ती सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. पगार आणि शिष्यवृत्ती एकाच खात्यात मिसळली की आपल्याला वाटते, सगळे आपलेच. घरभाडे, हप्ता यात ते खर्च होतात आणि वर्षाच्या शेवटी कॉलेज निकाल अडवते. शिष्यवृत्तीचे खाते वेगळेच ठेवा.

काही कंपन्या स्टायपेंडमधून टीडीएस कापतात. तो तुमच्या पॅनवर दिसतो, आणि उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो. रिटर्न भरल्याने शिष्यवृत्ती जाते ही अफवा आहे. ते उत्पन्न तुमचे आहे, आई-वडिलांचे नाही. मुलगा अठरा वर्षांच्या आतला असला तरी स्वतःच्या मेहनतीने किंवा कौशल्याने कमावलेले त्याचेच धरतात. शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती तर करमुक्तच आहे. मात्र एक लक्षात ठेवा, पॅन, आधार, पीएफ सगळे एकमेकांना जोडलेले असताना लपवणे आता शक्य नाही. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर शिष्यवृत्ती रद्द होते, रक्कम वसूल होते आणि नाव काळ्या यादीत जाते.

मर्यादा कोणी वाढवायची?

अडीच लाखांची ही मर्यादा २०१३-१४ पासूनची आहे. त्यानंतर किराणा, भाडे, रेल्वेचा पास, सगळे वाढले. ओबीसींसाठी नॉन-क्रीमीलेअरची मर्यादा २०१७ मध्ये आठ लाख झाली, २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकासाठी आठ लाख ठरली. अनुसूचित जातींच्याच टॉप क्लास शिक्षण योजनेला आणि परदेशी शिष्यवृत्तीला आठ लाखांची मर्यादा आहे. मग ज्या शिष्यवृत्तीवर आपली सगळ्यात जास्त मुले शिकतात, तिलाच अडीच लाख का? महिन्याला २०,८३३ रुपये. विरारमध्ये भाड्याने राहणारे, नवरा-बायको दोघेही राबणारे कुटुंब यात कसे बसणार? आम्ही इतरांची मर्यादा कमी करा असे म्हणत नाही. आपली वाढवा म्हणतो. आणि अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या इंटर्नशिपचा स्टायपेंड कोणत्याही हिशेबात धरू नये, असा स्पष्ट शासन निर्णय सामाजिक न्याय विभागाने काढावा. काम सक्तीचे करायचे आणि त्याच कामाची शिक्षा द्यायची, हे चालणार नाही.

तोपर्यंत ज्यांचा अर्ज नाकारला गेला आहे त्यांनी पहिल्यांदा कॉलेजकडून कारण लेखी घ्यावे. "वरून आले नाही" हे कारण नव्हे. पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. त्यानंतर पालघरला सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात अर्ज द्या. विरारहून डहाणू लोकल धरली की पालघर फार लांब नाही. चार-पाच जणांनी मिळून जा, एकट्याने गेल्यावर "उद्या या" ऐकावे लागते. सोबत इंटर्नशिपचे पत्र न्या, ज्यावर सुरुवात-शेवटची तारीख, तास आणि रक्कम असेल, आणि कॉलेजचे पत्र न्या, की हे काम अभ्यासक्रमाचा भाग आहे. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या फीवर विचारा: माझा अर्ज कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली नाकारला? दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ही फीसुद्धा नाही. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांत लागतो, म्हणून एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची आहे.